खेळाडूला सोडायचे, पण जोखीम कोणाची?

गेल्या वर्षी मे महिन्यात एका संध्याकाळी विश्रामबागेतील आमच्या घरी एक गृहस्थ आपल्या सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. ते सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहेत आणि हंगाम संपला तरी त्यांच्या सदऱ्याला हळदीचा वास येत असतो. मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून रोज पहाटे माझ्याकडे बास्केटबॉल खेळायला यायची. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील खासगी अकादमीने तिला शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि खुराक देऊन नेले. आता तिला राज्याच्या अठरा वर्षांखालील संघाच्या सराव शिबिराचे पत्र आले होते, आणि नेमक्या त्याच तारखांना अकादमीची स्वतःची स्पर्धा होती.

वडिलांनी प्लास्टिकच्या पाकिटातून घडी घातलेला करार काढून टेबलावर ठेवला. त्यातल्या एका कलमाखाली कोणीतरी पेन्सिलीने रेघ मारली होती. संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय खेळाडूला अन्य कोणत्याही संघाकडून खेळता येणार नाही, अशा अर्थाचे ते कलम होते. ‘‘सर, सही मीच केलीया,’’ ते म्हणाले. ‘‘तवा एवढं वाचलं नव्हतं. आता हिला पाठवायचं का नाही, तुम्हीच सांगा.’’ मुलगी काही बोलत नव्हती. डाव्या करंगळीवर गुंडाळलेल्या पांढऱ्या टेपचे टोक ती नखाने उचलत होती आणि पुन्हा चिकटवत होती.

मी अकादमीच्या व्यवस्थापकांना फोन केला. त्यांचा आवाज चढला नाही. ते एवढेच म्हणाले, ‘‘सर, शिबिरात हिचा गुडघा गेला तर आमच्या दोन वर्षांच्या खर्चाचं काय? तुमची संघटना देणार आहे का?’’ त्या रात्री मला त्यांचा फार राग आला होता. पण राग ओसरल्यावर लक्षात आले की त्यांचा हेतू काहीही असला तरी प्रश्न चुकीचा नव्हता. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्लबांपासून आमच्या या लहानशा प्रकरणापर्यंत सगळीकडे हाच प्रश्न आडवा येतो, आणि गेले वर्षभर मी त्याचाच पाठपुरावा करत आहे.

व्यावसायिक क्लब आपल्या खेळाडूला राष्ट्रीय संघाकडे जाण्यापासून रोखू शकतो का? नियमाच्या भाषेत उत्तर सोपे आहे. फिबा, म्हणजे बास्केटबॉलचा आंतरराष्ट्रीय महासंघ, आपल्या नियमावलीत क्लबांवर स्पष्ट बंधन घालतो की राष्ट्रीय संघाने बोलावलेल्या खेळाडूला अधिकृत स्पर्धांसाठी सोडलेच पाहिजे. हा नियम देशोदेशींच्या महासंघांमार्फत त्यांच्या लीगना आणि लीगमार्फत क्लबांना लागू होतो. म्हणजे ही एक साखळी आहे, आणि साखळीच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला तिचा ओढा बसत नाही.

अशी साखळीबाहेरची मोठी संस्था म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग एनबीए. ती फिबाची सदस्य नाही. दोघांमध्ये जे आहे ते करारापुरते आहे. १९८९ पर्यंत तर हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण एनबीएच्या व्यावसायिक खेळाडूंना ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धा खुल्याच नव्हत्या. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये म्युनिक येथे फिबाच्या सभासदांनी ५६ विरुद्ध १३ मतांनी ही बंदी उठवली. या निर्णयामागे फिबाचे सरचिटणीस बोरिस स्टॅन्कोविच यांचा अनेक वर्षांचा आग्रह होता. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन आणि लॅरी बर्ड एका संघात दिसले ते त्यामुळेच. त्या वेळी सांगलीत आम्ही दूरदर्शनवर त्या संघाची जी काही क्षणचित्रे पाहिली, त्यांवर पुढची दोन वर्षे आमचा सराव चालला. पण ते दार उघडल्याबरोबर कोट्यवधी डॉलरचा पगार घेणारा खेळाडू उन्हाळ्यात दुसऱ्याच्या संघातून, दुसऱ्याच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि क्लबच्या दृष्टीने फुकट खेळू लागला, हेही खरे आहे.

त्यानंतर जी व्यवस्था बसली ती थोडक्यात अशी की विश्वचषक, ऑलिंपिक आणि खंडीय अजिंक्यपदाच्या उन्हाळी स्पर्धांना एनबीएचा संघ आपल्या खेळाडूला सहसा अडवू शकत नाही; मात्र त्याच्या प्रकृतीबद्दल रास्त वैद्यकीय शंका असेल तर अडवू शकतो. खेळाडूच्या एनबीएमधील कराराचा विमा उतरवण्याचा भार त्याच्या देशाच्या महासंघावर येतो. ‘रास्त वैद्यकीय शंका’ हे शब्द साधे दिसतात, पण सगळी भांडणे त्यांच्याच भोवती झाली आहेत.

२०१४ चे उदाहरण घ्या. मानू जिनोबिली हा अर्जेंटिनाच्या २००४ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकाचा नायक. २०१४ च्या जूनमध्ये त्याने सॅन अँटोनियो स्पर्सबरोबर एनबीएचे विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर त्याच्या उजव्या पायात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली चीर, असल्याचे निघाले. स्पेनमधील विश्वचषकाला जाण्याची त्याची तयारी होती. क्लबने त्याला रीतसर पत्र देऊन खेळण्यास मनाई केली, आणि ही गोष्ट त्याने स्वतःच जाहीर केली. तो सदतीस वर्षांचा होता आणि पुढच्या विश्वचषकाची वाट पाहण्याचे त्याचे वय राहिले नव्हते. क्लबच्या डॉक्टरांचे निदान खोटे होते असे म्हणण्यास जागा नाही. तरीही पाय त्याचा, देश त्याचा आणि कारकिर्दीची अखेरही त्याचीच असताना शेवटचा शब्द त्याला पगार देणाऱ्याचा ठरला, ही बाब मला अजूनही बोचते. दोन वर्षांनी, एकोणचाळीस वर्षांचा असताना, तो रिओ ऑलिंपिकमध्ये खेळला.

२०१७ मध्ये ग्रीसच्या यानिस अँटेटोकुंपोच्या गुडघ्यावरून याहून कडवट वाद झाला. मिलवॉकी बक्स या त्याच्या एनबीएमधील क्लबच्या तपासणीनंतर तो युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेतून बाहेर पडला. तेव्हा क्लब आणि एनबीए यांनी संगनमताने ही योजना आखल्याचा उघड आरोप ग्रीसच्या महासंघाने केला. क्लबने तो फेटाळला. गुडघ्याचे खरे काय होते हे बाहेरच्या माणसाने ठरवू नये. पण तपासणी करणारा डॉक्टर ज्याचा पगार घेतो त्याचाच हितसंबंध त्या तपासणीत गुंतलेला असेल, तर निदान कितीही प्रामाणिक असले तरी समोरच्याचा विश्वास बसणार नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंना मान्य असलेला तिसरा, तटस्थ डॉक्टर असावा. आमच्याकडे शेताच्या बांधाच्या भांडणातसुद्धा मोजणी दोघांपैकी एकाच्या भावाकडून करून घेत नाहीत.

युरोपातील पेच वेगळ्या स्वरूपाचा आहे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून फिबाने फुटबॉलच्या धर्तीवर विश्वचषकाचे पात्रता सामने वर्षातल्या ठरावीक आठवड्यांत घ्यायला सुरुवात केली. त्या आठवड्यांत देशांतर्गत लीग थांबल्या. पण युरोपातील सर्वांत बलाढ्य क्लब ज्या युरोलीगमध्ये खेळतात, ती फिबाच्या हाताबाहेरची स्पर्धा असल्याने थांबली नाही. कोणत्याही क्लबने कोणाला ‘जाऊ नकोस’ असे म्हणण्याची गरजच उरली नाही. सामना गुरुवारी किंवा शुक्रवारी लावला की झाले. खेळाडू आपोआप अडकतो. एनबीएचा हंगामही त्याच काळात चालू असतो. परिणाम असा झाला की २०१७ च्या सप्टेंबरमध्ये युरोपचे अजिंक्यपद जिंकणारा स्लोव्हेनिया, ज्याच्याकडे गोरान ड्रागिच आणि कोवळा लुका डॉन्चिच होते, तो २०१९ च्या विश्वचषकाला पात्रसुद्धा ठरला नाही. अमेरिकेने आपले पात्रता सामने एनबीएच्या खालच्या लीगमधील खेळाडूंवर भागवले. स्पेननेही बहुतांशी दुसऱ्या फळीच्या बळावर पात्रता मिळवली आणि पुढे बीजिंगमध्ये अर्जेंटिनाला ९५–७५ असे हरवून विश्वविजेतेपद पटकावले. मात्र गळ्यात पदक पडलेला संघ बराचसा वेगळा होता. हिवाळ्यात परक्या शहरांत जाऊन पात्रता मिळवून देणाऱ्या त्या खेळाडूंची नावे आज फारशी कोणाला आठवत नाहीत. मी चाळीस वर्षे जिल्हा पातळीवर घालवली आहेत, त्यामुळे असेल कदाचित, पण मला ती माणसे जवळची वाटतात.

आता क्लबांची बाजू मांडली नाही तर लिखाण अप्रामाणिक होईल, कारण जोखीम खरी आहे आणि ती खरोखरच अंगावर येते. २००६ च्या जागतिक स्पर्धेत जपानमध्ये अर्जेंटिनाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पाउ गासोलच्या डाव्या पायाचे हाड मोडले. स्पेनने अंतिम सामन्यात ग्रीसला त्याच्याशिवाय ७०–४७ असे हरवले आणि गासोल कुबड्या घेऊन सहकाऱ्यांच्या आनंदात सामील झाला. देशाला सुवर्णपदक मिळाले. त्याचा क्लब मेम्फिस मात्र नव्या हंगामाचे वीसहून अधिक सामने त्याच्यावाचून खेळला आणि ८२ पैकी फक्त २२ सामने जिंकून लीगमध्ये सर्वांत खाली राहिला. २०१४ च्या १ ऑगस्टला लास वेगासमध्ये अमेरिकेच्या संघाचा आपसातला सराव सामना चालू असताना पॉल जॉर्जचा उजवा पाय बोर्डाच्या खांबाच्या पायथ्यावर आदळून मोडला. ते चित्रीकरण मी एकदाच पाहिले. दुसऱ्यांदा पाहण्याचे धैर्य झाले नाही. इंडियाना पेसर्सकडून तो त्या हंगामात जेमतेम सहा सामने खेळला आणि त्याचा संघ बाद फेरीत पोहोचला नाही. ज्यांनी त्या मुलावर आपली सगळी मांडणी उभी केली होती, त्यांनी हे नुकसान कोणाकडे मागायचे? विम्यातून पगार भरून निघतो, हरलेला हंगाम भरून निघत नाही.

याओ मिंगचे उदाहरण यापेक्षाही मन विषण्ण करणारे आहे, कारण तेथे दोन्हीकडून ओढ होती. २००२ मध्ये चीनच्या क्रीडा अधिकाऱ्यांनी त्याला अमेरिकेत जाऊ दिले ते राष्ट्रीय संघासाठी परत येण्याच्या अटीवर, आणि त्याने ती अट जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यात पाळली. २००८ च्या फेब्रुवारीत त्याच्या डाव्या पायात स्ट्रेस फ्रॅक्चर झाले आणि ऑगस्टमध्ये तो बीजिंग ऑलिंपिकला देशाचा ध्वज घेऊन चालला आणि खेळलाही. पुढच्याच वर्षी पायाने पुन्हा दगा दिला, एक पूर्ण हंगाम वाया गेला आणि २०११ मध्ये तिशीतच त्याने निवृत्ती घेतली. एनबीएचा लांबलचक हंगाम आणि मग विश्रांतीऐवजी राष्ट्रीय संघ, हा भार सात फूट सहा इंचांच्या देहाने किती वर्षे वाहायचा? त्याच्या आधी एनबीएत गेलेला वांग झिझी २००२ च्या उन्हाळ्यात राष्ट्रीय संघाच्या सरावासाठी मायदेशी परतला नाही, म्हणून त्याला संघातून काढून टाकण्यात आले आणि समेट व्हायला २००६ साल उजाडले. म्हणजे अडवणूक फक्त क्लबच करतात असे नाही. बोलावणारा देशही खेळाडूला ‘तुझे काय मत आहे’ असे क्वचितच विचारतो.

आमच्या मुलीच्या निमित्ताने मी महिलांच्या खेळाकडे मुद्दाम अधिक लक्ष दिले, आणि तेथे जे दिसले त्याने माझे मत पक्के झाले. अमेरिकेतील महिलांची व्यावसायिक लीग, म्हणजे डब्ल्यूएनबीए, उन्हाळ्यात चालते आणि महिलांची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धाही जूनमध्येच भरते. २०२५ च्या जूनमध्ये गोल्डन स्टेट वाल्किरीज या नव्या क्लबने युरोपातील आपल्या अनेक खेळाडूंना त्या स्पर्धेसाठी सोडले. त्यांत बेल्जियमची ज्युली वानलू होती. बेल्जियमने अंतिम सामन्यात स्पेनला ६७–६५ असे हरवून विजेतेपद राखले. वानलू आनंद पुरता साजराही न करता तातडीने विमानाने क्लबकडे परतली, आणि परतल्याबरोबर क्लबने तिला संघातून वगळले. नंतर लॉस एंजेलिसच्या संघाने तिला घेतले, हा भाग सुदैवाचा. पण विचार करा: तिला कोणी अडवले नव्हते, जायला परवानगी होती, आणि नियमाप्रमाणे सर्व काही ठीक होते. दार उघडे ठेवायचे आणि ती बाहेर गेली की आतली खुर्ची काढून घ्यायची, याला मोकळीक म्हणायचे का? संघातील जागा ही क्लबची मर्जी आहे हे मी मान्य करतो. तरीही राष्ट्रीय कर्तव्यावर असलेल्या खेळाडूला परतल्यानंतर काही ठरावीक दिवस संघातून काढता येणार नाही, एवढे संरक्षण करारात लिहून घेतल्याशिवाय सोडण्याच्या नियमाला अर्थ राहत नाही, असे माझे ठाम मत आहे.

फुटबॉलने या प्रश्नाचा निदान पैशापुरता तरी निकाल लावला, आणि तोही एका मध्यम दर्जाच्या क्लबने न्यायालयात धाव घेतल्यामुळे. बेल्जियमच्या शार्लरोआ क्लबचा अब्देलमजीद उलमेर्स हा खेळाडू २००४ च्या नोव्हेंबरमध्ये मोरोक्कोकडून बुर्किना फासोविरुद्ध एक मैत्रीपूर्ण सामना खेळताना जखमी झाला आणि कित्येक महिने मैदानाबाहेर राहिला. क्लबने फिफावर दावा लावला, युरोपातील मोठे क्लब त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. २००८ मध्ये तडजोड झाली. तेव्हापासून विश्वचषकासाठी खेळाडू सोडणाऱ्या क्लबांना फिफा स्पर्धेच्या उत्पन्नातून वाटा देते. २०१० मध्ये ही रक्कम ४ कोटी डॉलर होती, २०१८ मध्ये ती २० कोटी ९० लाखांवर गेली आणि २०२६ च्या विश्वचषकासाठी ३५ कोटी ५० लाख डॉलर ठरवण्यात आली. शिवाय राष्ट्रीय संघाकडून खेळताना जायबंदी झालेल्या खेळाडूच्या पगारासाठी फिफाची स्वतंत्र विमा योजना आहे. या पैशाने फुटबॉलमधील भांडणे संपली नाहीत. पण ‘फुकट का द्यायचा’ हा क्लबांचा सर्वांत वजनदार मुद्दा बराच हलका झाला. बास्केटबॉलमध्ये त्या प्रमाणावर काही उभे राहिलेले नाही, आणि माझ्या मते खरा अडथळा येथेच आहे.

आपल्याकडे क्रिकेटमुळे हा प्रश्न उलटा दिसतो. आमच्या सांगलीची स्मृती मानधना परदेशी लीगमध्ये खेळायला जाते तेव्हा तिला क्रिकेट मंडळाची ना हरकत लागते. देशातील लीगही मंडळाचीच आणि राष्ट्रीय संघही मंडळाचाच, त्यामुळे वेळापत्रक एकाच घरात ठरते. त्यात मंडळाची सत्ता अवाजवी वाढते हे खरे, पण खेळाडू दोन घरांच्या मध्ये चिरडला जात नाही. भारतीय बास्केटबॉलमध्ये इतकी वर्षे क्लब म्हणजे रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, बँका आणि पोलीस यांचे संघ. तेथे खेळाडू हा आधी नोकर असतो आणि भाषाही नोकरीचीच असते: ‘रिलीव्ह केले’, ‘रिलीव्ह करत नाहीत’, ‘ड्यूटी धरली’, ‘विशेष नैमित्तिक रजा’.

ही भाषा मी जवळून ऐकली आहे. १९९३ साली मी एका कारखान्याच्या संघातून खेळत होतो, कागदोपत्री भांडारात कारकून होतो. राज्य संघाच्या शिबिरासाठी माझी निवड झाली. त्याच आठवड्यात कारखान्यांची आपसातली स्पर्धा होती. कार्मिक विभागातून मला एका ओळीचे पत्र मिळाले: ‘सदर कालावधीत आपणांस कार्यमुक्त करता येणार नाही.’ मी गेलो नाही. घरी धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते आणि नोकरी कायम व्हायची होती. ती कारखान्यांची स्पर्धा आम्ही जिंकलो; तिचा पितळी चषक अजून त्या कारखान्याच्या स्वागतकक्षात असेल. राज्य संघाचे बोलावणे मला पुन्हा आले नाही. बत्तीस वर्षांनी मी त्या पत्राबद्दल कोणाला दोष देत नाही, पण ते मी फेकूनही दिलेले नाही. ज्याने पत्र लिहिले त्याच्याकडे अधिकार होता, आणि ज्यांनी मला शिबिराला बोलावले होते त्यांनी कारखान्याशी साधा पत्रव्यवहारही केला नव्हता. माझी खरी तक्रार या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. बोलावणाऱ्याने नुसते बोलावले, बाकीचे सगळे माझ्यावर सोडले.

आमच्या या भागाला ही रीत नवी नाही. येथून दीड-दोन तासांच्या अंतरावर कऱ्हाडजवळ गोळेश्वर आहे. तेथील खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले, पण तेथे जाण्याच्या खर्चासाठी त्यांना दारोदार फिरावे लागले होते आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले होते, हे सर्वांना ठाऊक आहे. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून अभिमानाने सांगतो. मला ती ऐकताना नेहमी वाटत आले आहे की देशासाठी खेळण्याचा खर्च आणि धोका खेळाडूने आणि त्याच्या भोवतीच्या चार माणसांनी सोसायचा, हे आपण फार लवकर आणि फार सहज स्वीकारले.

म्हणून मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. क्लबला राष्ट्रीय संघापासून खेळाडू अडवण्याचा हक्क नसावा, आणि जेथे तो वैद्यकीय कारणाने आहे तेथे निर्णय क्लबच्या डॉक्टराने एकट्याने देऊ नये. पण त्या बदल्यात बोलावणाऱ्याने पूर्ण जोखीम उचललीच पाहिजे: उपचाराचा खर्च, बुडालेला पगार किंवा शिष्यवृत्ती, आणि क्लबचा काही अंशी तोटा. ज्या महासंघाकडे विम्याचे पैसे नाहीत त्याच्याकडे खेळाडूला मैदानात उतरवण्याचा नैतिक अधिकारही नाही. आणि खेळाडूने ‘या वर्षी नको’ म्हटले तर तेही चालले पाहिजे. निकोला योकिचने २०२३ च्या विश्वचषकाला विश्रांती घेतली, सर्बिया त्याच्याशिवाय अंतिम सामन्यात पोहोचला, आणि पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो आला तेव्हा देशाने त्याला आनंदाने संघात घेतले व कांस्यपदक मिळवले. ज्याच्यावर विश्वास टाकला जातो तो परत येतो.

हे सगळे त्या संध्याकाळी मला इतक्या स्पष्टपणे सुचले नव्हते. मी मुलीला एवढेच विचारले, ‘‘तुला स्वतःला काय करायचंय?’’ तिने टेप सोडली आणि म्हणाली, ‘‘सर, मला जायचंय. पण अकादमीतनं काढलं तर पप्पांना परत फी भरायला लागंल.’’ सतरा वर्षांच्या पोरीने दोन्ही बाजूंचा हिशेब आधीच मांडून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी राज्य संघटनेकडे शिबिरातील विम्याची चौकशी केली. प्रवास आणि निवासाची सोय आहे, असे उत्तर मिळाले; दुखापतीबद्दल प्रत्येकाने आपापले पाहायचे होते. मग आमच्या पहाटेच्या गटातील मंडळी एकत्र बसली. त्यांत एक निवृत्त शिक्षक आहेत, एक दुधाचा रतीब घालणारा तरुण आहे, दोन डॉक्टर आहेत आणि २०१९ च्या महापुरात कोर्टावर साचलेला चिखल आठवडाभर फावड्याने ओढणारी सगळी जुनी पोरे आहेत. कोणी शंभर दिले, कोणी हजार. एका विमा प्रतिनिधीने खेळातील दुखापतही धरली जाईल अशी एक वर्षाची वैयक्तिक अपघात पॉलिसी शोधून काढली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च कोणत्या कलमात बसतो हे त्याने आम्हाला बोट ठेवून दाखवले. पॉलिसीची प्रत जोडून मी अकादमीला पत्र लिहिले: शिबिराच्या काळात दुखापत झाल्यास उपचाराचा भार आपल्यावर येणार नाही, खेळाडू अमुक तारखेला परत हजर होईल, आणि तोवर तिची शिष्यवृत्ती व वसतिगृहातील जागा कायम ठेवल्याचे कृपया लेखी कळवावे.

चार दिवस काही कळले नाही. पाचव्या दिवशी सकाळी व्यवस्थापकांचा फोन आला. स्पर्धेतले पहिले दोन सामने तिने खेळावेत आणि मग शिबिराला जावे, म्हणजे ती तीन दिवस उशिरा पोहोचेल, असे त्यांनी सुचवले. निवड समितीच्या प्रशिक्षकांनी ते मान्य केले. जागा कायम ठेवण्याबद्दलचे पत्रही आले. मोजून चार ओळींचे होते, पण शिक्क्यासह होते.

ती निघाली त्या दिवशी मी सांगली स्थानकावर गेलो होतो. गाडी यायला वेळ होता. वडिलांनी पुन्हा तेच प्लास्टिकचे पाकीट काढले, त्यात करार, त्यामागे अकादमीचे पत्र आणि त्यामागे पॉलिसी अशी क्रमाने लावली, आणि पाकीट बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन दोनदा ओढून पाहिली.